दोन्ही सह्या माझ्याच

३ जून, सोमवार

आज चौथी शाळा. फ्लॅट दाखवतात तशा शाळा दाखवतात इथे! साहेबांच्या कंपनीने एक बाई नेमून दिल्या आहेत. परदेशातून आलेल्या कुटुंबांना घर, डॉक्टर आणि शाळा शोधून द्यायचं त्यांचं काम. मी तिला शाळावाली म्हणते. इथे, वहीत. तोंडावर नाही. (साहेब म्हणजे माझा नवरा. ही बदली झाल्यापासून साहेब.) पुढे शाळावाली, तिच्यामागे साहेब, मग मी, आणि सगळ्यात मागे आमची बारा वर्षांची लेक ठकी, ओळखपाळख नसलेल्यांच्या लग्नाला ओढून आणल्यासारखी.

पोहायचा तलाव बघितला. नाटकाचं सभागृह बघितलं. कारंजं बघितलं. एका खोलीत नुसत्या उशा — मुलांना मन शांत करायला म्हणे! अठरा वर्षं शिकवलंय मी, साठ-साठ मुलांच्या वर्गावर. मन शांत करायची खोली आमच्याकडेही होती. तिला मुख्याध्यापकांचं ऑफिस म्हणायचे.

मी एवढंच म्हटलं की मला एखादा रिकामा वर्ग बघायचाय. आत गेले आणि सरळ कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली बघितली. ही माझी जुनी पद्धत. वर्ग कसा चालतो ते फळा सांगत नाही. भिंतीवरची चित्रंही सांगत नाहीत, ती बाईच सुटीच्या दिवशी येऊन लावतात. टोपली सांगते. फाडलेली पानं किती, पेन्सिलीची साल किती, चुकलेलं गणित चुरगळून टाकायची मुभा आहे की नाही. इथली टोपली कशी? धुतलेली, चकचकीत, रिकामी. म्हणजे या वर्गात कुणी चुकतच नाही!

शाळावालीने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी घड्याळाकडे.

निघताना ठकीने पहिल्यांदा तोंड उघडलं. शाळावालीला विचारलं, इथल्या शिक्षकांची मुलं इथेच शिकतात का? ती म्हणाली, हो तर, बरीच आहेत. ठकीने मान हलवली आणि गाडीत बसली. बिचारी! आमची शाळा आठवत असणार. रोज आम्ही दोघी एकत्र जायचो.

४ जून, मंगळवार

साहेबांनी शाळांचा तक्ता केलाय. रंगीत. अंतर, तलाव, निकाल, पुढे कुठल्या विद्यापीठात मुलं जातात. नऊ रकाने. ठकीला काय वाटतं याला रकाना नाही. विचारलं तर म्हणाले, ते मोजता येत नाही.

६ जून, गुरुवार

वरच्या मजल्यावरची वहिनी येऊन गेली. नऊ वर्षं झाली तिला इथे. ‘आपली माणसं’ म्हणून येते आणि आपल्या माणसांना खाली बघायला लावून जाते. शाळा ठरली का, विचारलं. बघतोय म्हटलं. मग आवाज खाली आणून, घरात कुणाला मोठा आजार निघाल्यासारखी म्हणाली, “ठकी मराठी माध्यमात होती ना गं? मुलाखतीत बोलू नकोस हं. नुसतं स्टेट बोर्ड म्हण.”

माझा चहा कपातच राहिला. तिचा नाही, ती दुसरा कप प्यायली.

मराठी माध्यम हा माझा हट्ट होता आणि मला त्याची लाज नाही. साहेब नको म्हणत होते, सासूबाई तर चार दिवस बोलल्या नाहीत. पण मी ज्या शाळेत शिकवते तीच माझ्या मुलीला चालत नसेल, तर मी इतरांच्या मुलांना कुठल्या तोंडाने शिकवू? घातली आमच्याच शाळेत. पाचवी आणि सहावीला तर माझ्याच वर्गात आली. दोन्ही वर्षं मीच वर्गशिक्षिका, गणितही माझंच.

पण फाटकाच्या आत आई नाही! हा नियम पहिल्या दिवशी सांगितला आणि तिने पाळला. वर्गात मला ‘बाई’ म्हणायची, इतर मुलांसारखंच. एकदा डबा घरी विसरली. माझ्या पिशवीत माझा डबा होता. तिने रीतसर हात वर केला, उभी राहिली, म्हणाली, बाई, माझा डबा घरी राहिला. मी म्हटलं, बस खाली, उद्यापासून दप्तर आदल्या दिवशी भर. सगळा वर्ग बघत होता. शेजारच्या मुलीने दिला तिला अर्धा डबा. शिक्षक-खोलीत हे सांगितलं तेव्हा सगळे म्हणाले, बाई, तुमच्यासारख्या तुम्हीच.

हो. माझ्यासारखी मीच. आणि आता घरात बसून टोपल्या तपासते.

१० जून, सोमवार

शेवटी साहेबांच्या तक्त्यातली पहिली शाळा ठरली. तलाववाली. म्हणजे आपण ठरवली, त्यांनी आपल्याला ठरवायचंय अजून. फॉर्म अठरा पानी. आमच्याकडे मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्माचा दाखला, संपलं. इथे विचारतात, तुमच्या मुलाला आनंद कशाने होतो? साहेबांनी लिहिलं, पोहणे. तिला पोहता येत नाही!

आईचा व्यवसाय. मी ‘शिक्षिका’ लिहिलं. साहेब म्हणाले, इथे तू शिक्षिका नाहीस, खोटं नको, गृहिणी लिही. पोहणं खरं आणि शिक्षिका खोटं? मी दोन वर्षांच्या बिनपगारी रजेवर आहे, नोकरी सोडलेली नाही. पण रजा आहे हे कुठल्या रकान्यात बसवणार? खोडलं. ‘गृहिणी’ लिहिलं. अक्षर मुद्दाम वाईट काढलं.

सोबत जोडायचं — मागच्या दोन वर्षांचं प्रगतिपुस्तक, वर्गशिक्षकांच्या शेऱ्यांसह, इंग्रजी भाषांतर करून.

११ जून, मंगळवार

ठकीची परीक्षा आणि मुलाखत. आम्हाला बाहेर बसवून कॉफी दिली. चाळीस मिनिटं ती आत. मी गेले आठ दिवस तिच्याकडून स्वतःविषयी बारा वाक्यं पाठ करून घेतली होती. कुटुंब, छंद, ध्येय. घोकून घोकून घेतली. बाहेर आली. किती वाक्यं म्हटलीस? एकही नाही. विचारलंच नाही त्यांनी तसं, म्हणाली. आवडता विषय विचारला.

काय सांगितलंस?

चित्रकला.

चित्रकला! गणिताच्या बाईंची मुलगी आणि चित्रकला! गणिताचा पेपर सगळा सोडवला म्हणते, सोपा होता. मग तो विषय सांगायला काय झालं होतं? गाडीत मी बोलत होते, ती खिडकीच्या काचेवर बोटाने काहीतरी काढत होती. साहेब म्हणाले, जाऊ दे ना आता. यांचं नेहमी ‘जाऊ दे’. सगळं जाऊ दिलं म्हणूनच मी इथे आहे.

१४ जून, शुक्रवार

प्रगतिपुस्तक उघडलं आज. भाषांतराला बसले.

माझंच अक्षर. निळ्या शाईत, ठसठशीत, एकही खाडाखोड नाही. वाचत गेले.

पाचवी, पहिलं सत्र — अबोल आहे. स्वतःहून पुढे येत नाही. दुसरं सत्र — गणितात निष्काळजी चुका होतात. अक्षर सुधारावे. सहावी — आत्मविश्वास वाढवण्याची गरज. गटात मागे राहते. श्रेणी ब-१. पुन्हा ब-१. गणितातही ब-१!

ही ठकी? हिला गणितात माझ्याआधी उत्तर दिसतं!

मला सगळं आठवतंय. पाचवीच्या पहिल्या चाचणीत तिला पैकीच्या पैकी पडले होते. मी तसे दिले. मधल्या सुटीत भूगोलाच्या बाई हसत हसत म्हणाल्या, घरचाच पेपर, घरचाच गुण! सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर तिचा पेपर मी दोनदा तपासायला लागले. इतरांना जिथे पाव गुण सोडला तिथे हिचा कापला. एकक लिहिलं नाही, कापा. रेघ वाकडी आली, कापा. आणि शेरे लिहिताना तर — चांगलं लिहिलं असतं तर म्हणाले असते, बाईंची मुलगी. मग शोधून शोधून उणं काढलं. मला वाटायचं हाच न्याय. माझा मला अभिमान होता.

आता हे इंग्रजीत लिहायचं. दोन शब्द बदलले तर इथे कोणाला कळणार होतं? पेन हातात घेऊन बसले. ठकी समोरच होती, चित्र काढत. ‘अबोल’ला काय लिहू म्हणून मी पुटपुटले असेन. मान वर न करता म्हणाली, “लाजरी लिहू नकोस. मी लाजत नाही. शांत लिही.”

शांत लिहिलं. बाकी शब्दाला शब्द. खोटं मी आजवर लिहिलेलं नाही.

१७ जून, सोमवार

पाठवलं.

१९ जून, बुधवार

उत्तर आलं. तलाववाली शाळा लिहिते — एक, मुलीची गणिताची परीक्षा फार चांगली झाली. दोन, तिच्या शिक्षिकेचे शेरे मात्र याच्या उलट आहेत, दोन्ही वर्षं सारखेच, आणि आम्ही शिक्षकाच्या मताला सर्वांत जास्त किंमत देतो. म्हणून तूर्त तिला सातवीऐवजी पाचवीत घालता येईल, दोन वर्षं खाली, मदतीच्या वर्गासह. तीन, प्रगतिपुस्तकावर शिक्षकाची आणि पालकाची सही एकाच हाताची दिसते. कृपया येऊन खुलासा करावा.

दोन्ही सह्या माझ्याच! वर्गशिक्षिका म्हणून पूर्ण सही, पालक म्हणून आखूड. चार सत्रं, आठ सह्या. आमच्याकडे कुणाला काही वाटलं नाही.

साहेबांनी प्रगतिपुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं आज. पहिल्यांदा! दोन वर्षं फक्त विचारायचे, पास ना? पालकाच्या जागी माझी सही का नाही, म्हणाले. तुम्ही घरी होतात कुठे, मी म्हटलं. मग ते शेरे वाचायला लागले. मी भांडी लावत होते, मोठा आवाज करत. वाचून झाल्यावर प्रगतिपुस्तक मिटलं. मग म्हणाले, “स्वतःच्या मुलीबद्दल असं कोण लिहितं?”

भांडी लावून झाली होती तरी मी त्यांच्याकडे वळले नाही. कधी नव्हे ते त्यांचं बरोबर होतं, त्याचाच जास्त राग आला.

ठकी खाली पाचवीत बसणार. दहा वर्षांच्या पोरांत, बारा वर्षांची. मी नेऊन बसवलं तिला तिथे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

२० जून, गुरुवार

गेले एकटी. प्रवेशाच्या बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. चष्म्याला साखळी, टेबलावर सगळं काटकोनात. मला आवडल्या असत्या, दुसऱ्या कुठल्या कामाने गेले असते तर.

रस्ताभर जुळवलेलं इंग्रजी बोलले. की मीच आई, मीच शिक्षिका, फसवणूक नाही. की आमच्या शाळेत शिक्षकांची मुलं आमच्याच वर्गात असतात. की पक्षपात केला असं कुणी म्हणू नये म्हणून मी तिच्या बाबतीत जास्त कडक होते. हे सांगताना मान ताठ होती माझी. वाटलं, ही बाई शिक्षिका असेल तर तिला कळेल, कौतुकही करेल.

त्यांनी सगळं ऐकलं. प्रगतिपुस्तक माझ्याकडे फिरवलं, आखूड सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “ही सही करताना तुम्हाला हे शेरे पटले होते? आई म्हणून?”

मी म्हटलं, ते शिक्षिका म्हणून लिहिले होते.

“हो. आणि आई म्हणून?”

अठरा वर्षांत वर्गात एकाही प्रश्नाला मी गप्प बसले नाही. येत नसेल तर उद्या सांगते म्हणायचे. आज तेही सुचलं नाही. मी त्या सहीकडे बघत राहिले. ती करताना मी वर काय लिहिलंय ते वाचलंच नव्हतं. मीच लिहिलेलं, परत काय वाचायचं? पालक म्हणून तिच्या बाजूने बोलायची तेवढी एक जागा होती आणि तिथे मी शिक्का मारावा तशी सही मारली, चारदा.

सोनारानेच कान टोचावे लागतात. टोचले.

मग त्या म्हणाल्या, मुलीला ओळखणाऱ्या तिसऱ्या कुणाचं तरी पत्र आणता येईल का? थेट आमच्याकडे यायला हवं. मुख्याध्यापक चालतील. तुम्ही अजून शिकवता का, कुठला विषय, असंही काहीसं विचारलं. मी म्हटलं, गणित. शिकवायचे.

घरी येताना दोन स्टॉप पुढे गेले.

२२ जून, शनिवार

मुख्याध्यापकांना फोन केला. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे मी अजून उभी राहते! सगळं सांगितलं, सह्यांचंही. मग म्हणाले, “बाई, मी खरं असेल ते लिहीन. चालेल?”

चालेल म्हटलं. काय म्हणणार?

सासूबाईंचा फोन. साहेबांनी सांगितलंच असणार, पोटात काही राहत नाही. म्हणाल्या, गावाच्या पोरांना शहाणं केलंस आणि दिव्याखाली अंधार. उलटून बोलणार होते. त्यांचं पण बरोबर! काय दिवस आलेत, आता घरात सगळ्यांचंच बरोबर.

२४ जून, सोमवार

ठकीला सांगितलं की कदाचित पाचवीत बसावं लागेल. वाटलं रडेल. तिने विचारलं, तिथे चित्रकला असते का?

हो म्हटलं. मग ठीक आहे, म्हणाली.

हिला काही वाटतच नाही का? की वाटतं ते दाखवत नाही? बारा वर्षं माझ्या घरात आणि दोन वर्षं माझ्या वर्गात, आणि मला हे सांगता येत नाही.

२६ जून, बुधवार

काय दिवस होता आज! नीट क्रमाने लिहिते.

सकाळी तलाववाल्या शाळेचा फोन. मला वाटलं ठकीचं काही. तर नाही, माझं! त्यांच्या गणिताच्या एक बाई अचानक गेल्या सोडून. प्रवेशाच्या बाईंनी माझं नाव सांगितलं. येऊन एक तास घेऊन दाखवाल का?

साहेबांना न सांगता गेले. वीस मुलं. वीस! आमच्याकडे एका वर्गातली गैरहजर मुलं एवढी असतात. अपूर्णांक शिकवायचे होते. इंग्रजी लटपटतंय म्हटल्यावर मी बोलणंच कमी केलं. प्रत्येकाला कागद दिले, घड्या घालायला लावल्या. अर्धा, पाव, आठवा हिस्सा. आता तिसरा हिस्सा करून दाखवा! झालं, सगळे अडले. चुकली घडी, चुरगळला कागद, दे दुसरा. चुकला, फेका. एक लाल केसांची मुलगी खाली फरशीवर बसून करायला लागली. शेवटी तिलाच जमलं आणि ती ओरडली, आणि मग सगळे तिच्याभोवती.

तास संपला तेव्हा कोपऱ्यातली टोपली भरून वाहत होती.

किती महिन्यांनी माझ्या बोटांना खडू लागला. इथे खडू नसतो, मार्करच तो. पण घरी येईपर्यंत हात धुतला नाही.

२८ जून, शुक्रवार

दोन्ही बातम्या एकाच पाकिटात. ठकीला सातवीत प्रवेश! तिच्याच वयाच्या मुलांत, मदतीचा वर्गबिर्ग काही नाही. मुख्याध्यापकांच्या पत्राने शंका मिटली, असं लिहिलंय. आणि मला नोकरी. सहायक शिक्षिका, गणित. इयत्ता — सातवी! म्हणजे ठकीचाच वर्ग. मंगळवारपर्यंत करारावर सही करून पाठवायची.

साहेबांनी तक्त्यात एक रकाना वाढवला आणि हिरवा रंगवला. मला हसू आलं. वरच्या वहिनीला जिन्यात मुद्दाम गाठून सांगितलं. मराठी माध्यमाची शिक्षिका घेतली म्हटलं, त्यांनी शोधून.

ठकीला सांगितलं. “छान,” म्हणाली. आणि कपाट आवरायला गेली. हे तिचं नेहमीचंच, आनंदही आतल्या आत.

मला वाटतं देवाने चूक सुधारायला कोरं पान दिलंय. आता नाही कापणार पाव गुण. मिळतील तेवढे देईन, वर एक शाबासकी.

१ जुलै, सोमवार

बाजारातून चार लाल पेनं आणली. इथे लाल शाई चांगली मिळते.

ठकीशी बसून बोलले. नियम सांगितले. शाळेत मला बाकीची मुलं म्हणतील तेच म्हणायचं. घरी गणिताचं विचारायचं नाही, तो इतरांवर अन्याय. आणि वही तपासायला माझ्याकडेच येणार, तेव्हा अक्षर! भाजी चिरत होते मी, ती ओट्याला टेकून उभी. म्हणाली, “हो, बाई.”

घरात! स्वयंपाकघरात! हसले मी. जीभ किती लवकर वळते मुलांची.

करार टेबलावर ठेवलाय. उद्या सही करून टाकते.

२ जुलै, मंगळवार

मुख्याध्यापकांनी पत्राचा फोटो पाठवला. खाली त्यांच्या सवयीने — प्रत माहितीसाठी. माहिती ही.

‘पाचवीच्या वार्षिक परीक्षेनंतर ही विद्यार्थिनी एकटी माझ्या खोलीत आली. पुढच्या वर्षी मला दुसऱ्या तुकडीत बसवा, अशी तिने विनंती केली. तीन कारणे सांगितली, न रडता. बाईंना सांगू नका, असेही म्हणाली. तिच्या वर्गशिक्षिका शाळेतील सर्वोत्तम असल्याने मी विनंती मान्य केली नाही. अबोल मूल असे करत नाही.’

तीन कारणं कोणती ते लिहिलेलं नाही. मी ठकीला विचारलं नाही.

करार सही न करता परत पाठवला. साहेब म्हणाले, डोकं फिरलंय तुझं. असेल.

ठकीला म्हटलं, मी येत नाहीये त्या शाळेत. तिने माझ्याकडे नीट बघितलं, पेपर खरंच सोपा आहे की काही फसवाफसवी आहे ते बघावं तसं. खूप वेळ. मग म्हणाली, “मग तू दिवसभर काय करशील, आई?”

माहीत नाही, म्हटलं.

थोड्या वेळाने परत आली. ती लाल पेनं तुला लागणार नसतील तर एक घेऊ का? चित्राला हवंय.

चारही दिली.